काकांचा जंभाल

माझ्या बायकोच्या काकांइतक्या हौसेनं स्वतःचं नुकसान करून घेणारा माणूस अख्ख्या दिवेआगरात दुसरा झाला नाही. गावानं विहिरींवर पंप बसवले तेव्हा यांनी असलेला पंप विकून रहाट लावला. कारण काय, तर झाडांना घाईघाईनं पाणी प्यायला आवडत नाही! घरात पर्यटक ठेवू लागले, तर जेवायला बसलेल्या पाहुण्यांना सुपारीची कुळकथा ऐकवत गरम मोदकांचे दगड करायचे. एका बाईंनी सुपारीच्या वाडीला 'गार्डन' म्हटलं, त्यांना दुसऱ्या दिवशी चहा मिळाला नाही.

मग चक्रीवादळ आलं आणि एका दुपारीत वाडी आडवी झाली. काकांनी नव्या रोपांसाठी थोडे पैसे बाजूला काढले, ते घेऊन अलिबागला गेले, आणि तिथल्या कुठल्याशा प्रदर्शनातून जंभाल घेऊन परतले. जंभाल म्हणजे बौद्धांचा धनाचा देव. नेपाळी कारागिरानं तांब्यात हातानं घडवलेला, वीतभर उंचीचा, सुटलेल्या पोटाचा, हातात रत्नं ओकणारं मुंगूस धरलेला. रोपं काही आली नाहीत.

"रत्नं पडायला लागली की हाक मारा," काकू म्हणाल्या, "केरसुणी घेऊन येते."

याच्या डोक्यावर पाणी घातलं की हा प्रसन्न होतो, असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं. काकांना साधं पाणी कमीपणाचं वाटलं. त्यांनी शहाळ्याचं घातलं. दुपारपर्यंत देव, मुंगूस आणि देव्हारा मुंग्यांनी काळा झाला. मी हसलो तर म्हणाले, "जावईबापू, लक्ष्मी सुरुवातीला लहान पावलांनीच येते."

आली मात्र नाही. दोन पावसाळे पडीक गेल्यावर पनवेलला राहणारा त्यांचा मुलगा एका रिसॉर्टवाल्याला घेऊन आला. काकांनी त्या गृहस्थाला थेट देव्हाऱ्यासमोर बसवलं. "यांच्याशी बोला. मालक हे."

मुलाचा तोल गेला. "बाबा, गाव हसतं आपल्याला! रोपांचे पैसे या बाहुल्यावर उडवलेत, आणि आता मी विकू म्हणतो तर मी वाईट?"

पोरगा खरं बोलत होता, हेच सगळ्यांत वाईट होतं. काकांनी विक्रीच्या कागदावर सही केली. आता तिथे निळ्या फरशीचा तलाव आहे, आणि मुंबईची मंडळी त्यात गळ्यापर्यंत बुडून फोटो काढतात.

काका-काकू पनवेलला मुलाकडे राहतात. मुलगा-सून दिवसभर नोकरीवर. काका आता फारसे बोलत नाहीत. कुणी काही विचारलं तर "बरं आहे" म्हणतात. मूर्ती टीव्हीच्या वरच्या फळीवर आहे. भिंतीला ओल येते म्हणून सुनेनं पाणी घालणं बंद केलंय.

परवा दुपारी गेलो, तर काका फ्लॅटच्या बाहेर जिन्यावर बसलेले. दार नुसतं लोटलेलं. आतून काकूंचा आवाज येत होता. माझी बायको लहान होती तेव्हा कैऱ्या उतरवताना कोण कसं झाडावरून पडलं, ते त्या अगदी रंगवून सांगत होत्या. मधेच थांबून म्हणाल्या, "ऐकताय ना, भावजी?"

घरात दुसरं कुणी नव्हतं. फटीतून दिसलं, काकू टीव्हीच्या वरच्या जंभालाकडे तोंड करून बसल्या होत्या. मी दाराला हात लावला, तसा काकांनी माझा सदरा धरून मला शेजारी बसवलं.

"थांबा जरा," ते हळूच म्हणाले. "होऊ दे तिचं बोलणं."