दोन देशांची घंटा

ड्रेस्डेनहून जर्मनी-चेक सीमेवरच्या एका खेड्यात मी एकटाच गेलो होतो. तिथल्या मध्ययुगीन चर्चची किल्ली सांभाळणाऱ्या आजीबाईंनी दार उघडलं, एप्रनला हात पुसले आणि दुपारची घंटा वाजवायला दोर धरला.

"रविवारी आम्ही जेमतेम सातजण असतो," त्या ताठ मानेनं म्हणाल्या. "पण आमची घंटा दोन देशांत ऐकू जाते. पलीकडचे चेक लोक ती ऐकूनच जेवायला बसतात."

मी हसलो. मग का कोण जाणे, सांगून टाकलं, की गेल्या महिन्यात पुण्यात आई गेली आणि मला वेळेवर पोचता आलं नाही.

त्यांनी दोर माझ्या हातात दिला.

"मग जोरात ओढा. आज तिसऱ्या देशात ऐकू जायला हवी."

घंटेची नेहमीची वेळ संपली, तरी त्यांनी मला थांबवलं नाही.