दोन एकराला किती जाळी

“दोन एकर म्हणजे दोन एकर. त्यात काय मोजायचं?” असं म्हणून आमचे मालक नवीन जालन्याच्या बाजारातून जाळी घेऊन आले. केदारखेड्याच्या मित्राला दोन एकराला लागली होती, बराबर तेवढीच.

मागच्या साली रानडुकरांनी मोसंबीची रोपं मुळासकट उपटली होती. आता पुन्हा लावली होती. हीही गेली असती तर तिसऱ्यांदा लावायचा जीव आमच्यात नव्हता.

रस्त्याकडची बाजू झाली, एक लांब बाजू झाली, दुसरीला जरासं गेलो आणि जाळी खतम! माझं डोकंच फिरलं. अहो, जाळी एकरावर लागते का कडेनं? मित्राचं वावर चौरस, बाराशे फुटांच्या आत भागलं. आमच्याकडं वाटणीत प्रत्येकाला रस्ताही पाहिजे आन् नालाही, म्हणून वावर उभं चिरतात. आमची पट्टी शंभर फूट रुंद, आठशे सत्तर लांब. चारी बाजू धरून एक हजार नऊशे चाळीस.

मी मातीत काडीनं आकृती काढली. शेजारी मोठ्या दिरांची पट्टी, तेवढीच. बांधावरून भांडण झाल्यापासून दोघा भावांचं बोलणं बंद. मी दोन्ही पट्ट्या एकत्र धरून बेरीज केली. दोन हजार एकशे चाळीस! नुसती दोनशे फूट जास्त. त्यांचा मका तरी डुकरं कुठं सोडत होती?

“मधली जाळीच लागत न्हाई. आपली आहे ती लावायची, बाकीची त्यांनी आणायची. जा, बोला.”

“अडला हरी गाढवाचे पाय धरी,” मालक फणकारले.

“गाढव कोण ते मंग ठरवा. आधी जा!”

गेले. दीर मक्यात खुरपत होते. मालकांनी मान खाली घालूनच सगळं सांगितलं. मी बांधावर उभी, जीव मुठीत धरून.

दिरांनी खुरपं खाली ठेवलं. “आणतो जाळी. पर फाटक एकच, माझ्या बाजूनं. तुझ्याकडं चिखल होतो.” मग थांबून म्हणाले, “रोज माझ्या वावरातून जावं लागंल तुला. जाशील?”

मालक नाक चोळत म्हणाले, “जाईन की, दादा.”

दादा! किती वर्षांनी ऐकला तो शब्द. मी तिथंच बांधावर बसून रडले.