विजयाची चिठ्ठी

कंबर माझी, दुखते मला. पण तिचं औषध गावात औषध आणि विमानातून उतरलं की गुन्हा! हा कुठला न्याय, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

मी कुवेतमध्ये जहऱ्याला एका बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, पाण्याची खोकी उचलतो. कंबर धरली की खोकं हलत नाही, आणि न हलणारा माणूस मालक ठेवत नाही. म्हणून सुट्टीत गावी वैद्याकडं गेलो. त्यानं गोळ्या दिल्या, शिक्का मारून चिठ्ठी दिली. म्हणाला, "यात विजया आहे. चिठ्ठी जवळ ठेवा." आठ दिवसांत मी वाकून बुटाची नाडी बांधली. मग घरभर सांगत सुटलो, विजयानं मला उभं केलं. बायको दोन दिवस बोलली नाही.

मला वाचता येत नाही, पण कार्डाची किंमत कळते. कुवेतमध्ये माणसापेक्षा त्याचा बताका, म्हणजे ओळखपत्र, मोठा. म्हणून चिठ्ठी लॅमिनेट केली, बताक्याशेजारी गळ्यात अडकवली आणि मंत्र्यासारखा विमानात बसलो.

शेजारी आपली मराठी नर्स. उतरायला अर्धा तास राहिला तेव्हा तिनं माझं गळ्यातलं वाचलं.

"काका, या गोळ्या कुठं आहेत?"

"खिशात. का? तुमची पण कंबर?"

"काका, विजया म्हणजे भांग!"

"काहीतरीच काय ताई! शिक्का आहे की."

"शिक्का तिकडचा. इकडं डायरेक्ट जेल. जा, टॉयलेटमध्ये टाका सगळं. कार्डपण!"

गोळ्या गेल्या. कार्ड फाटेना. दातानं ओढलं, दात हलला. लॅमिनेशनवाल्याला मीच बजावलेलं, जाड मार, जन्मभर टिकलं पाहिजे! कचऱ्यात टाकावं तर वर माझं नाव-गाव. शेवटी मोज्यात कोंबलं.

कस्टमच्या साहेबाला नेमका मोज्यातून डोकावणारा कार्डाचा कोपरा दिसला. "शुनू हाजा?" हे काय?

माझ्या तोंडातून निघालं, "विजया."

"जौजा?" बायको का?

"ऐवा, ऐवा!" म्हणजे हो, हो.

बायकोला मोज्यात घालून फिरणारं येडं बघून तो इतका हसला, की हातानंच जा म्हणाला.

मी सुटलो. कंबर नाही सुटली. वैद्याला सांगता येत नव्हतं, की विमानात बसणार असशील तर हे नेऊ नको? आणि मला विचारता येत नव्हतं, विजया कोण? दोघांच्या तोंडाला काय झालं होतं?

तिसऱ्या दिवशी खोकं उचलताना तिथंच बसलो. मालकानं नुसतं बघितलं. ते बघणं मला कळतं. तसाच दवाखान्यात गेलो. डॉक्टरनं दुसरी गोळी दिली आणि म्हणाला, "ही इंडियाला नेणार असाल तर चिठ्ठी लागेल हं. नाहीतर तिकडं अडवतील."

माझं डोकंच फिरलं. पण उद्या खोकी उचलायची होती. चिठ्ठी घेतली.

लॅमिनेट नाही केली.