लिंकखालची रेघ

आमचे हे वेबसाइटची पानं सजवायचे. ऑफिसात यांना 'इस्त्री' म्हणत, कारण यांच्या पानावर एक सुरकुती सापडायची नाही. लिंकखाली रेघ दिसली की यांच्या कपाळाला आठ्या पडत. "रेघ म्हणजे घाण," म्हणायचे. लिंकला मजकुराहून जरासा निळसर रंग द्यायचा, ज्याला डोळे आहेत त्याला कळेल, असा यांचा खाक्या. घरात ओला टॉवेल पलंगावर पडलेला असायचा, ती घाण मात्र यांना कधी दिसली नाही.

मग खरंच दिसेनासं झालं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, डोळ्याचा पडदा झिजतोय, फिके रंग आधी जातील, उपाय नाही. यांनी मला कुणाला काही बोलायला बंदी केली. नोकरी डोळ्यांवर होती आणि घर नोकरीवर. काम करताना हे प्रत्येक लिंकखाली जाड रेघ मारून घेत, म्हणजे ती सापडे. पान साहेबांना दाखवायच्या आधी सगळ्या रेघा चोरासारख्या पुसून टाकत.

एका रुग्णालयाचं पान करताना मात्र यांना राहवेना. तातडीच्या मदतीची लिंक भल्यामोठ्या परिच्छेदाच्या पोटात होती. रेघ पुसली आणि ती लिंक यांची यांनाच सापडेना.

"माझ्यासारखा कुणी तिथं मदत शोधत बसेल गं."

"मग सांगा की साहेबांना, रेघ राहू द्या म्हणून."

"आणि त्यांनी 'का' विचारलं तर? इतकी वर्षं मीच पुसत आलोय."

शेवटी यांनीच शक्कल काढली. पान सुरू झाल्यावर माझ्या ईमेलवरून, माझ्या माहेरच्या आडनावानं यांच्याच ऑफिसला तक्रार पाठवायची: मला कमी दिसतं, मदतीची लिंक सापडत नाही, कृपा करून खाली रेघ द्या. हे सांगत गेले, मी टाइप करत गेले. इतकं मनापासून बोलताना मी यांना लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच ऐकलं.

ती तक्रार मीटिंगमध्ये वाचली गेली. सगळे हसले. साहेबांनी विचारलं, "काय इस्त्री, तुला दिसतेय ना लिंक?"

"स्वच्छ दिसतेय," हे म्हणाले. आणि हेही हसले.

घरी येऊन हे सांगताना यांची मान वर होईना. मला असा संताप आला की हातातलं ताट मी ओट्यावर आपटलं. दया नंतर आली, आधी रागच आला.

काही दिवसांनी उत्तर आलं. यांनी मला मोठ्यानं वाचायला लावलं. "आपली अडचण समजली. लिंक स्पष्ट दिसते, याची आमच्या अनुभवी डिझायनरने स्वतः पाहून खात्री केली आहे. आपण एकदा डोळे तपासून घ्यावेत."

"परत वाच," हे म्हणाले. मी परत वाचलं.

सकाळी निघताना दारात थांबले. "आज सांगून टाकतो. तक्रार माझी होती म्हणून, आणि का केली तेही."

मी अडवलं नाही. खरं तर मला यांचा अभिमानच वाटला.

दुपारच्या आत हे परत आले. डबा भरलेला तसाच, आणि टेबलावरचा आमचा फोटो पिशवीत. नोकरीचं विचारायची गरजच नव्हती.

"आणि रेघ?" मी विचारलं.

हे चपला काढायला खाली वाकले आणि वाकूनच म्हणाले, "साहेब म्हणाले, ज्याला दिसतच नाही त्याच्या मतावर पान कसं बदलायचं?"