बिनधुराची बाटली

सेलूच्या कापसाच्या जिनिंगमंधी डोमाजी थूलचं नाव काढलं का लोकं आधी हसत, मंग हात जोडत. हसत काऊन, तं साऱ्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आन् हा बावा पोटासाठी दारूच्या बाटल्या पुसे. हात काऊन जोडत, तं त्याच्याइतका सरळ माणूस जिनिंगच्या फाटकापासून टेसनापर्यंत हुडकूनबी सापडला नसता.

मॅनेजरच्या बंगल्यावर तो आबदार होता. आबदार म्हंजे साहेबलोकायच्या पिण्याचं पाहणारा माणूस. वीस वर्सं त्यानं हेच केलं. आंग किडमिडं, मिशी पातळ, पण नाक! बाप्पा, नाक असं का दारातून आधी नाक येई आन् मंग मागून डोमाजी. अन्नपूर्णा, त्याची बायको, साऱ्या वस्तीत सांगे, "मी लग्नात आंतरपाट सरकल्यावर पाह्यलं तं नुसतं नाकच दिसलं. म्हटलं, नवरदेव कुठी हाये?"

पण त्या नाकाचं सोनं केलं ते जुन्या गोऱ्या साहेबानं. तो जिनिंगचा मॅनेजर होता तवा विलायतेहून विस्की येई, आन् पाहुण्यायच्या आधी डोमाजीले चाखाले लावे. शिकवलंबी त्यानंच. आधी गिलास उजेडात धरून रंग पाहाचा. मंग नाक आत, तोंड जरासं उघडं. घाई नाई. मंग चमचाभर पाणी टाकून जरा थांबाचं, पाण्यानं तिचा लपलेला वास वर येते. मंग घोट जिभेवर घोळवाचा, आन् गिळल्यावर चव किती वेळ राह्यते ते मनातल्या मनात मोजाचं. डोमाजी म्हणे, "साहेब, ही काकवीसारखी हाये," नाई तं "हिच्यात संत्र्याच्या सालीचा कडूपणा हाये." साहेब मोठ्यानं हसे आन् वहीत लिहून घे. स्वराज्य आलं, साहेब मायदेशी गेला. नाक मात्र बंगल्यातच राह्यलं.

मंग छप्पन सालचा दसरा आला. डोमाजी आन् अन्नपूर्णा पांढरे कपडे घालून नागपूरले गेलते, लाखो लोकायसंग बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दारू पिणार नाई, हेबी त्या शपथेत होतंच. त्या दिवसापासून डोमाजीनं जिभेले थेंब लागू देला नाई. पण नोकरी तं तीच! स्वतः प्याची नाई आन् दुसऱ्याले भरून द्याची. वस्तीतली लोकं चिडवत, "काय डोमाजी, आज कोणाचा गिलास भरला?" तो मान खाली घालून चाले. दुसरं काम पाहावं, असं रोज मनात ये. पण राहाची खोली जिनिंगची, नोकरी गेली का खोली गेली. आन् पोरगी गोपिका सातवीत, वर्गात पह्यली. तिले घेऊन जाव कुठी?

आता ते बाटलीचं ऐका.

नवे मॅनेजर दौलतराव. त्यायले डाक्टरच्या चिठ्ठीवर प्याचा परवाना होता, औषध म्हणून. औषध मोठं आवडीनं घेत बाप्पा, एक दिवस चुकवत नसत. जुन्या साहेबानं त्यायले एक बाटली पाठवली, कोणातरी ओळखीच्या माणसाच्या पेटीतून. तिकडच्या एका बेटावरची विस्की, एकाच भट्टीची. संग चिठ्ठी नाई, काई नाई. परवान्यावरबी ती चढवली नोती. संक्रांतीले दौलतरावानं सील फोडलं, दोन घोट घेतले, बाटली कपाटात ठेवली. कपाटाची चावी डोमाजीच्या करगोट्याले.

महिन्याभरानं एका रविवारी दुपारी वर्ध्याचे किसनराव वकील जेवाले आले. विस्कीतलं आपल्याले सारं समजते, हे ते जेवणाआधी दोनदा आन् जेवताना तीनदा सांगत. डोमाजीनं ती बाटली काढून गिलासात वतली. वकिलानं घोट घेतला, डोळे मिटले, मंग एकच डोळा उघडला.

"दौलतराव, बेटावरची म्हणालात ना?"

"हो. का?"

"मग हिचा धूर कुठे गेला? बेटावरच्या व्हिस्कीला धुराचा वास असतोच. मी तीन वेळा प्यालोय. ही बदललेली आहे. कोणीतरी अस्सल काढून घेतली आणि आत भलतंच भरलं."

दौलतरावानं डोमाजीकडे पाह्यलं. चावी कोणाजवळ असते, हे काई इचाराची गरज नोती.

"साहेब," डोमाजी म्हणे, "ही बिनधुराचीच हाये. सील फुटलं तवाबी अशीच होती."

"तुला कसं कळलं? चाखलीस?"

"नाई जी. वासानं."

"वासावर खटला उभा राहत नाही," वकील म्हणे. "चाखून सांग की. पूर्वी चाखायचास ना?"

"आता नाई चाखत."

"बघा! ज्यानं भरली तो कशाला चाखेल?"

दौलतरावाचं तोंड लाल झालं. पाहुण्यासमोर घरातली चोरी निघाली ना! पोलिसाले बोलवावं तं बाटलीच परवान्यावर नाई. त्यानं बाटली उचलली, डोमाजीच्या हातात देली आन् त्याले कोठीत नेलं.

"पाच वाजेपर्यंत वेळ आहे तुला. घोट घे आणि आमच्यासमोर तुझ्या जिभेनं सांग, ही काय आहे ते. नाहीतर उद्या खोली रिकामी कर."

आन् बाहेरून कडी लागली.

कोठी लहानशी. तेच बाटल्यायचं कपाट, एक मेज, मागच्या आंगणाकडं गजाची खिडकी. मधी डोमाजी आन् ती बाटली, जशी दोन माणसं एका बाकावर बसली. चाखावं तं शपथ जाते. नाई चाखावं तं चोर होतो, आन् उद्या गोपिकेची शाळा, चूल, अंथरूण, सारं रस्त्यावर. पळून जाव तं खिडकीले गज. आन् पळाला तं चोर हे पक्कंच झालं.

तो पयले बाटलीवर चिडला. मंग सवयीनं तिले उजेडात धरलं. पिकल्या गव्हाच्या काडीचा रंग. हलवली, तं वर मण्यायसारखे बुडबुडे आले आन् जराशे टिकले. पाणी घातलं असतं तं ते लगेच फुटले असते. गिलासात बोटभर वतली, नाक आत घातलं.

आन् बाप्पा, नाकानं दगा देला. एवढी गोड वासाची चीज त्यानं पाच वर्सांत अशी नाक खुपसून हुंगली नोती. आधी मध. मंग ताज्या लाह्या, जवाच्या. मंग ओल्या मिठाच्या पोत्यासारखं काईतरी, आन् अगदी शेवटी वाळल्या संत्र्याची साल. समुद्र त्यानं जन्मात पाह्यला नोता, पण असाच असन असं त्याले वाटलं. धूर म्हणाल तं नावाले नाई. चमचाभर पाणी टाकलं, थांबला. मध अजून फुलला.

वतताना एक थेंब अंगठ्यावर आलता. दीक्षेआधीची जुनी सवय, थेंब आला का अंगठा तोंडात. डोमाजी वासातच गुंग, आन् अंगठा चालला वर.

"ओ! गोपिकेचे बाबा! तो अंगठा कुठी चालला?"

खिडकीत अन्नपूर्णा. बंगल्याच्या मोलकरणीनं तिले सांगतलं होतं, ती धावतच आलती. डोमाजीनं अंगठा असा झटकला का मेजावरचा चमचा खाली पडला.

"चुकून," तो म्हणे.

"चुकून काऊन? नाक तिथीच नेते न तुमाले! हे नाक मी उद्या खुंटीले टांगून ठेवते." पण तिच्या डोळ्यात पाणी होतं. "आता काय करता जी?"

"काय करू? दोन्हीकून बांधला गेलो वं. घोट घेतला तं सांजच्या वंदनेले कोणत्या तोंडानं बसू? नाई घेतला तं उद्या तुले अन् पोरीले घेऊन कुठी जाऊ?"

अन्नपूर्णा गजाले धरून उभी राह्यली. "खोली गेली तं माह्या भावाकडं जाऊ, पुलगावले. चोर म्हणून गेलो तं मात्र तिथंबी नाक राहणार नाई. तुमी तं नेहमी सांगता, गोरा साहेब सकाळी रिकामे गिलास हुंगे म्हणून. तो काऊन हुंगे?"

डोमाजीनं हातातला गिलास खाली ठेवला.

"तो म्हणे, दारू उडून जाते, पण जे खरं असते ते गिलासात राह्यते. नकली असली का तिचं बिंग सुकल्यावर फुटते."

"मंग सुकवा न! उन्ह पडलं हाये खिडकीत. बसले काऊन नुसते?"

त्यानं तीन गिलास घेतले. एकात या बाटलीतली. दुसऱ्यात दौलतरावाची रोजची, तिले धुराचा वास होता. तिसऱ्यात त्यानं स्वतः नकली केली, जशी चोरून विकणारे करत, रोजच्या विस्कीत पाणी आन् रंगाले चहाचा काढा. काढा अन्नपूर्णेनं खिडकीतून कपात आणून देला. तिन्ही गिलास आतून फिरवून उपडे केले, निथळले, मंग उन्हात उभे ठेवले. आन् वाट पाहाले लागला. ते दोन तास त्याले दोन वर्सांसारखे गेले. बाहेर वकिलाचं हसणं ऐकू ये, सुपारी कातरल्याचा आवाज ये. अन्नपूर्णा खिडकीखाली बसून राह्यली, गेली नाई.

पाच वाजता कडी उघडली.

"घेतलास घोट?" दौलतराव.

"नाई साहेब. घेणारबी नाई. पण तुमी दोघं हे रिकामे गिलास हुंगा."

वकील म्हणे, "हे काय नाटक?"

"वकीलसाहेब, नाक तं तुमचंच वापराचं हाये. माह्यावर भरोसा नाई न ठेवाचा तुमाले."

वकिलानं पयला हुंगला. दुसरा हुंगला. "धूर," म्हणे. तिसऱ्याच्या बुडाशी तपकिरी कडं धरलं होतं, चहाचा वास उभा राह्यलता.

"तिसरी म्या मुद्दाम बिघडवली," डोमाजी म्हणे. "बाटलीत कोणी भेसळ केली असती तं पयल्या गिलासातबी असं कडं धरलं असतं. तो पाहा, साफ हाये."

दौलतरावानं पयला गिलास घेतला. लय वेळ नाक आत ठेवलं. "लाह्या," तो हळूच म्हणे. "आणि मीठ. हो, हाच वास. संक्रांतीला हाच होता."

"पण बेटावरची असून धूर कसा नाही?" वकील अजून सोडाले तयार नोता.

"जी, गोरा साहेब सांगे. काई ठिकाणी जव वाळवाले खाली दलदलीतली वाळली माती जाळतात, तिचा धूर दाण्यात बसते. काई ठिकाणी नाई जाळत. आपल्याकडंबी तेच हाये. ज्वारीचा हुरडा आगटीत भाजला तं धुराचा, कणीस उन्हात वाळलं तं बिनधुराचं. वावर तं एकच न? तुमी तीन वेळा प्याले ते तिन्ही वेळा हुरड्याकडचीच भेटली."

खिडकीखालून कोणीतरी फिसकन हसलं. वकिलानं टोपी घातली, गाडीची वेळ झाली म्हणे.

तो गेल्यावर दौलतराव हसाले लागला. "डोमाजी, कमाल केलीस! पुढच्या रविवारी वर्ध्याची मंडळी बोलावतो. हाच गिलासांचा खेळ करून दाखव. ही घे चावी."

डोमाजीनं चावीकडं पाह्यलं. त्याले वाटलं, आताच तं कडी उघडली आन् पुन्हा लागून राह्यली.

"चावी तुमीच ठेवा, साहेब. जेवण, चहा, झाडलोट, सारं करीन. कपाटाले मात्र हात लावणार नाई."

"आणि मी खोली काढून घेतली तर?"

"तं काढा. पण चोर म्हणून नाई, दारू वतत नाई म्हणून काढली, असं वस्तीत सांगजा."

दौलतराव चावी बोटावर फिरवत राह्यला. मंग त्यानं ती खिशात टाकली. "सकाळचा चहा सात वाजता. उशीर नको."

घरी आल्यावर डोमाजीनं वंदनेले जाव म्हणून हात धुतले. हुंगले. मध. पुन्हा धुतले, मातीनं घासले. अजूनबी मध आन् मीठ.

"हे हात जोडून कसा बसू वं?" तो अगदी रडकुंडीले आला.

अन्नपूर्णेनं चुलीतली मूठभर राख आणली, त्याच्या दोन्ही तळव्यावर टाकली आन् स्वतः खसाखसा घासली, लहान पोराचे घासावे तशी. पाणी वतलं. तिनं ते हात आपल्या नाकाजवळ नेले.

"गेली. आता नुसता धूर," ती म्हणे. "बोलवा त्या वकिलाले. म्हणा, सापडला."

डोमाजी त्या दिवशी पयल्यांदा हसला, आन् तसेच ओले हात घेऊन तिच्या मागं वंदनेले निंगाला.