अजून न आलेलं मशीन

यंत्र सावकाश चालत असलं की माणसं गप्पा मारतात, आणि गप्पा मारणाऱ्यांकडं किस्से साचत जातात. नव्वदच्या दशकात सांगलीच्या आमच्या कॉलेजातलं यंत्र तर इतकं सावकाश, की माझ्याकडचे अजून संपले नाहीत!

लॅबमध्ये आम्ही तिघं. कांबळे सर, जतकडचा बबन आणि साताऱ्याची मी. नव्या प्रोसेसरचं मशीन बेंगलोरहून यायचं होतं, त्याची ऑपरेटिंग सिस्टिम आम्ही लिहायची होती. मशीन काही येईना. मग सरांनी साध्या पीसीवर, एका प्रोग्रॅममध्ये, अख्खं मशीनच उभं केलं! प्रोसेसर, मेमरी, डिस्क, घड्याळ, सगळं सोंग. त्याला सिम्युलेटर म्हणायचं.

प्राचार्य म्हणाले, “नसलेल्या मशीनवर काम चाललंय? खरं आल्यावर तुमची सिस्टिम चालली नाही, तर प्रोजेक्ट बंद!”

सर म्हणाले, “बरं. तोवर पंखा तेवढा दुरुस्त करून द्या.”

*

सिम्युलेटरच्या आतलं घड्याळ फार हळू चालायचं. आम्ही सिस्टिम सुरू करून कृष्णेच्या घाटावर जाऊन बसायचो. ऊन पाण्यावरून पलीकडच्या काठाला जायचं, नाव जाऊन परत यायची. बबन पाण्याकडं बघत म्हणायचा, “विद्याताई, आत अजून एक सेकंद बी झाला नसंल.”

मग आम्हालाही उठावंसं वाटायचं नाही.

*

एकदा पाटणचे पाहुणे मला बघायला साताऱ्याला आले. मुलाच्या मावशीनं विचारलं, “मुलगी काय करते?”

बाबा अभिमानानं म्हणाले, “कॉम्प्युटरवर काम करते.”

“कुठल्या?”

“तो अजून यायचाय.”

ते स्थळ पुन्हा फिरकलं नाही. मी त्या दिवशी दोन वाट्या बासुंदी खाल्ली!

*

सिस्टिम सुरू होता होता अडकायची. आठवडे गेले, कारण सापडेना. शेवटी सरांना दिसलं, की आमची सोंगाची डिस्क फारच हुशार होती. सिस्टिमनं काही मागितलं, की ती वाट बघायला लागायच्या आधीच उत्तर हजर! ते उत्तर वाया जायचं, आणि सिस्टिम बिचारी कायमची वाट बघत बसायची.

सर म्हणाले, “बबन, खरी डिस्क जरा वेळ घेते. खोटं बोलायचं तर खऱ्याइतकं सावकाश बोलावं!”

बबननं डिस्कला थोडं थांबायला शिकवलं. काळ्या स्क्रीनवर सिस्टिमचं पहिलं अक्षर उमटलं, मग दुसरं. पूर्ण ओळ होईपर्यंत आम्ही तिघं एकेक अक्षर मोठ्यानं वाचत गेलो.

*

खरं मशीन आलं त्या दिवशी बबनचे वडील गावाकडून आले होते. आबा कोपऱ्यात घोंगडीवर बसून बघत होते. आमची सिस्टिम नव्या मशीनवर चढवली आणि ती डोळ्याचं पातं लवायच्या आत सुरू झाली! प्राचार्यांनी पेढे मागवले. म्हणाले, “आता तो पीसी रिकामा करा, पोरांना प्रॅक्टिकलला लागतोय.”

पीसीवर सिम्युलेटर चालूच होता. सर बंद करायला गेले, तेवढ्यात आबांनी विचारलं, “बबन, ह्ये जुनं काय म्हनायचं?”

“ह्ये खरं मशीन न्हाई, आबा. नुसतं सोंग हाय. पर आतल्या सिस्टिमला वाटतंय, आपुन खऱ्याच मशीनवर हाय.”

“तिला ठाव न्हाई?”

“न्हाई.”

आबा घोंगडीवरून उठून त्या स्क्रीनजवळ आले.

“मग सांगू नगासा,” ते म्हणाले.

सरांनी बटणावरचा हात मागं घेतला.