जालन्याला चढणाऱ्या मॅडमची जागा

मी परतूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या पोरांना वर्गात उभं करते, वर त्यांची थट्टाही करते. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय... पण कुणाला तरी सांगायला हवं.

जालना ते परतूर, सकाळची पॅसेंजर. नऊ वर्षं माझं हेच अप-डाऊन चाललंय. शाहीन आपा माझ्या आधी, बदनापूरला चढायच्या. त्याही परतूरलाच, उर्दू शाळेत होत्या. शेजारी ओढणी टाकून माझी जागा धरायच्या. आम्हा अप-डाऊनवाल्यांचा एक कायदा असतो — येणार नसाल तर आदल्या दिवशी कळवायचं.

गेल्या हिवाळ्यात एका सरांच्या कारमधून जायचं ठरलं आणि मी कळवायलाच विसरले. संध्याकाळी परतीच्या गाडीत आपा भेटल्या, तोंड उतरलेलं.

"एक माणूस जागेवरून नको नको ते बोलला मला. मी तुझ्यासाठी भांडून राह्यले व्हते, अन् तू कारमधी?"

माफी मागायची सोडून मी म्हणाले, "एवढं काय त्यात आपा, जागाच तर होती."

दुसऱ्या दिवसापासून त्या दुसऱ्या डब्यात बसायला लागल्या. मीही ताठच राहिले. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या तापाने गेल्या. मी त्यांच्या घरी भेटायलाही गेले नाही. कोणत्या तोंडाने जाणार होते?

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्या दिवशी डबा खच्चून भरलेला, आणि खिडकीजवळ एक जागा रिकामी! शेजारच्या काकू तिच्यावर हात ठेवून बसल्या होत्या.

"बसा मॅडम, तुमचीच जागा हाय. जालन्याला चष्म्यावाल्या मॅडम चढतील, त्यांनाच द्या म्हणल्या एक बाई. उलटं बसलं की त्यांला मळमळतं म्हणे."

मी दांडा धरून उभीच राहिले. इंजिनाकडे पाठ करून बसलं की मला मळमळतं, हे मी घरीसुद्धा कधी बोलले नाही. लाजच वाटते. फक्त आपांना माहीत होतं.

"कुठं आहेत त्या बाई?"

"बदनापूरला चढल्या व्हत्या. आत्ता स्टेशन आलं तशा दाराकडं गेल्या. उतरताना मी न्हाई पाह्यलं."

मी दारापर्यंत गेले, प्लॅटफॉर्म पाहिला, शेजारचा डबाही पाहिला. ओळखीचं कुणीच नव्हतं. मग येऊन बसले आणि परतूरपर्यंत रडले. काकूंनी पाण्याची बाटली पुढे केली.

कुणी म्हणेल, दुसरी एखादी मैत्रीण असेल. मी आमच्या ग्रुपवर, शाळेत, सगळीकडे विचारून पाहिलं. कुणीच नव्हतं. पण रागावलेलं माणूस कुणासाठी जागा धरत नाही, एवढं मला कळतं.

त्यानंतर माझ्यासाठी कुणी जागा धरली नाही. गर्दी असली की मी परतूरपर्यंत उभीच जाते.